मुलांकडे परदेशी निघालेल्या आई-बाबांसाठी: कागदपत्रं आणि चेक-इनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एप्रिल उजाडला की बाकावरच्या गप्पा पासपोर्टवर येतात. कुणाची मुलगी न्यू जर्सीत असते, कुणाच्या मुलाने सिंगापूरला घर घेतलेलं असतं, कुणी पहिल्यांदाच दुबईला निघालेलं असतं. गेली काही वर्षं मी अशा बऱ्याच जणांच्या फायली लावून दिल्या, काहींना मुंबई विमानतळाच्या दारापर्यंत सोडलंही. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले.

एक आग्रह आधीच सांगते. तिकीट मुलाने काढलेलं असतं, व्हिसाचा अर्ज एजंटाने भरलेला असतो, वेब चेक-इन सुनेने केलेलं असतं. काउंटरवर मात्र आई एकटी उभी असते आणि आपल्या हातातल्या कागदांवर काय लिहिलंय हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा ही उत्तरं मुलांना पाठवण्याआधी ज्यांना विमानात बसायचंय त्यांनी स्वतः वाचावीत.

फाइलमध्ये नेमकं काय काय ठेवायचं?

पासपोर्ट, व्हिसा वेगळ्या कागदावर किंवा ई-मेलने आला असेल तर त्याची छापील प्रत, जाण्याचं आणि परतीचं तिकीट, प्रवास विम्याची पॉलिसी, ज्यांच्याकडे उतरणार त्यांचा संपूर्ण पत्ता आणि फोन नंबर, औषधांची चिठ्ठी. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवा, एक पर्समध्ये आणि एक मोठ्या बॅगेत. मूळ कागद मोठ्या बॅगेत कधीही टाकू नका. ती बॅग काउंटरवर दिली की उतरेपर्यंत तुम्हाला दिसत नाही.

फाइल जाड नको. चाळीस पानांच्या फाइलमधून तिकीट शोधताना हात थरथरतात आणि मागची रांग कुरकुरते. पारदर्शक फोल्डर घ्या, त्यात कागद लागतील त्या क्रमाने लावा आणि घरी दोनदा स्वतः काढून-ठेवून बघा.

पत्त्याबद्दल मुद्दाम सांगते. अमेरिकेला जाणाऱ्या पाहुण्या प्रवाशाला तिथला राहण्याचा पत्ता पिनकोडसकट विमान कंपनीला द्यावाच लागतो, त्याशिवाय चेक-इन पुरं होत नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकांना मुलाच्या गावाचं नाव ठाऊक होतं, रस्त्याचं नव्हतं. मुलगा तिकडे झोपलेला, फोन उचलेना. अर्धा तास ते काउंटरच्या बाजूला उभे होते.

पासपोर्टची मुदत अजून चार महिने आहे. जाऊन दीड महिन्यात परत यायचंय. चालेल ना?

बहुतेक ठिकाणी नाही. पोहोचण्याच्या दिवसापासून निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी, असं सिंगापूर, थायलंड, संयुक्त अरब अमिराती अशा कितीतरी देशांचं म्हणणं असतं. काही देशांचे नियम सौम्य आहेत, पण मुलांकडे गेल्यावर मुक्काम वाढतो हे आपल्याला ठाऊक आहे. नऊ-दहा महिने उरले की नूतनीकरणाचा अर्ज करून टाका. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, त्यामुळे तो कधी संपतो हेच विसरायला होतं.

सोबत दोन कोरी पानं आहेत का तेही बघा. पान फाटलेलं, पाण्याने फुगलेलं, नातवाने पेनाने गिरवलेलं असेल तर विमान कंपनी बसू देत नाही, असंही घडतं. शेवटच्या पानावरचा पत्ता जुना असेल, तर तेवढ्यावरून प्रवास अडत नाही.

अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर आहे आणि नवा पासपोर्ट आलाय. आता?

दोन्ही पासपोर्ट बरोबर घ्या. व्हिसाची मुदत शिल्लक असेल आणि त्या पानाला काही झालं नसेल, तर जुन्या पासपोर्टमधला व्हिसा नव्या पासपोर्टसह चालतो. नवा पासपोर्ट मिळताना जुन्याचा कोपरा कापून देतात, त्याने व्हिसा बाद होत नाही. फक्त जुना पासपोर्ट कपाटात राहता कामा नये. दोन्ही एका रबरबँडमध्ये ठेवा.

तिकिटावर माझं नाव आणि यजमानांचं नाव एकत्र चिकटलंय आणि पुढे काही अक्षरंही जोडलीत. चूक आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याच्यामुळे लोकांची झोप उडते. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव अशी पद्धत. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात: एक आडनावाचा, दुसरा दिलेल्या नावाचा. 'सुनंदा दत्तात्रय' हे दोन्ही शब्द त्या दुसऱ्या रकान्यात बसतात. विमान कंपन्यांच्या यंत्रणेत मधली मोकळी जागा बहुधा गळते आणि 'सुनंदादत्तात्रय' असं सलग छापलं जातं. त्याच्याही शेवटी श्री किंवा सौ या अर्थाची इंग्रजी अक्षरं चिकटतात. हे सगळं नेहमीचं आहे, काळजी करू नका.

काळजी करायची ती स्पेलिंगची. 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय', 'विद्या'मधला व्ही आणि डब्ल्यू, 'जोशी'च्या शेवटी आय की डबल ई, या गोष्टी आपल्याला किरकोळ वाटतात. पासपोर्टवर जे अक्षर आहे तेच तिकिटावर, तेच व्हिसावर, तेच विम्यावर हवं. आधार कार्डावर वेगळं असेल तर असू दे, परदेश प्रवासात पासपोर्ट हेच ओळखपत्र. तिकीट हातात आलं की त्याच दिवशी पासपोर्ट शेजारी उघडून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. एखाद्या अक्षराची चूक कंपनी लवकर कळवल्यास बहुधा दुरुस्त करून देते. आडनाव आणि नावाची अदलाबदल झाली असेल तरी लगेच फोन करा. विमानतळावर गेल्यावर ही दुरुस्ती फार अवघड होते.

पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, नवऱ्याचं आडनाव वेगळं. एकत्र प्रवास करता येईल?

येईल. तिकीट माहेरच्या नावाने, म्हणजे पासपोर्टप्रमाणे काढा. लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स बरोबर असलेली बरी. घाईघाईने तिकीट सासरच्या नावाने काढू नका.

आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे.

जुन्या पासपोर्टांमध्ये असं बरंच दिसतं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर नावाचा एकच शब्द असलेल्या पर्यटक आणि भेटीच्या व्हिसावाल्यांना प्रवेश थांबवला. इतर देशांत व्हिसा मिळतो, पण तिकीट काढताना, विमा काढताना प्रत्येक ठिकाणी नाव वेगळ्या पद्धतीने भरलं जातं आणि गोंधळ होतो. वेळ असेल तर पासपोर्ट पुन्हा काढून आडनाव घालून घ्या. माझं स्पष्ट मत आहे की हे काम तिकिटाच्या आधी करावं.

पासपोर्टवर 'ईसीआर' असा शिक्का आहे. दुबईला मुलाकडे जाता येणार नाही का?

जाता येतं. ज्यांनी दहावी पास केल्याचा दाखला दिलेला नाही, त्यांच्या पासपोर्टवर ही नोंद येते. अशा पासपोर्टवर ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना सरकारची पूर्वपरवानगी लागते. त्यात आखाती देश बरेच आहेत. फसव्या एजंटांपासून कामगारांचं रक्षण व्हावं, हा त्यामागचा हेतू आहे. भेटीला जाणाऱ्या आईला ही परवानगी लागत नाही. इमिग्रेशनवर, म्हणजे विमानतळावर सरकारी अधिकारी पासपोर्ट तपासतात तिथे, दोन प्रश्न जास्त विचारले जाऊ शकतात, म्हणून भेटीचा व्हिसा, परतीचं तिकीट आणि मुलाच्या तिथल्या ओळखपत्राची प्रत वर ठेवा. पन्नाशी उलटलेल्यांना पासपोर्ट पुन्हा काढताना ही नोंद काढून टाकता येते. रत्नागिरीकडच्या कितीतरी आयांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

विमान १५ तारखेला रात्री १२ वाजून ५० मिनिटांनी आहे. घरून कधी निघायचं?

१४ तारखेला दुपारी-संध्याकाळी. हे वाक्य फ्रीजवर चिकटवून ठेवा.

आपल्या घरात '१५ तारखेची रात्र' म्हणजे १५ला संध्याकाळचं जेवण झाल्यावरची रात्र. विमान कंपनीची १५ तारीख मात्र मध्यरात्री १२ला सुरू होते. मुंबईहून युरोप, अमेरिका आणि आखाताकडे जाणारी खूप विमानं मध्यरात्र ते पहाट याच वेळात सुटतात, त्यामुळे ही चूक सतत होते. माझ्या सासूबाईंच्या पहिल्याच प्रवासात ती आमच्याकडूनच झाली. पुण्याहून पुरणपोळीचे डबे बांधून, सगळ्यांच्या पाया पडून आम्ही १५ला रात्री दहा वाजता मुंबईच्या सहार विमानतळावर पोहोचलो. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, 'आजी, तुमचं विमान काल गेलं.' त्यांचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेले नाही. तिकीट नव्याने काढायला लागलेले पैसे पुढे भरून निघाले, पण आपलंच काहीतरी चुकलं असं त्यांना कितीतरी दिवस वाटत राहिलं.

तेव्हापासून मी प्रत्येकाच्या तिकिटावर लाल पेनाने वाराचं नाव लिहून देते: 'मंगळवारी संध्याकाळी ५ला घर सोडायचं.' तारीख लिहीतच नाही.

विमान नेमकं कुठून सुटणार?

तिकिटावरची तीन अक्षरं वाचा. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणजे बी-ओ-एम. आंतरराष्ट्रीय विमानं तिथल्या टर्मिनल २वरून, सहारच्या बाजूने सुटतात. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५मध्ये सुरू झाला, त्याची अक्षरं एन-एम-आय. गोव्यातही दोन आहेत: दाबोळी जी-ओ-आय आणि मोपा जी-ओ-एक्स. एक दक्षिण गोव्यात, दुसरा पार उत्तरेला पेडण्यात. चुकीच्या ठिकाणी गेलात तर दुसऱ्याकडे वेळेत पोहोचणं कठीण. टॅक्सीवाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' सांगू नका.

पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून किती आधी निघावं?

विमानाच्या वेळेआधी चार तास दारात असावं, हा ज्येष्ठांसाठी माझा हिशोब. कंपन्या तीन तास सांगतात. चौथा तास आपल्या गुडघ्यांसाठी. पुण्याहून सहार सुमारे दीडशे किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तास, पण पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा शुक्रवारी संध्याकाळी वाशीपुढे गाड्या अडल्या तर काही खरं नाही. मी पुणेकरांना विमानाच्या नऊ तास आधी निघायला सांगते. कोल्हापूर-सांगलीकरांनी आदल्या दिवशी मुंबईत किंवा पुण्यात मुक्काम करावा.

मुंबईतच उतरला असाल तर मेट्रो ३ आता थेट टर्मिनल २च्या स्थानकापर्यंत जाते. दोन मोठ्या बॅगा आणि मध्यरात्रीचं विमान असेल तर मात्र टॅक्सीच बरी.

वेब चेक-इन झालंय, बोर्डिंग पास मोबाइलवर आलाय. मग काउंटरवर कशाला जायचं?

बॅगा द्यायला जावंच लागतं. शिवाय व्हिसा लागणाऱ्या देशाला जाताना कंपनीचा माणूस तुमचा पासपोर्ट आणि व्हिसा डोळ्यांनी बघतो. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणण्याचा खर्चही तिच्यावरच पडतो, त्यामुळे ही तपासणी काटेकोर असते. वेब चेक-इन बहुधा २४ किंवा ४८ तास आधी सुरू होतं. आवडीची जागा मिळावी, नवरा-बायकोला शेजारी बसता यावं, म्हणून ते जरूर करा. स्वच्छतागृहाजवळची, रांगेच्या कडेची जागा मागा.

काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतात, अमेरिकेच्या काही विमानांसाठी त्याहूनही आधी. बंद म्हणजे बंद. तिथे हातापाया पडून उपयोग होत नाही.

काउंटरवर छापील बोर्डिंग पास मागून घ्या. मोबाइलची बॅटरी संपते, पडद्याला हात लागून पान पुढे सरकतं, वायफायला ओटीपी लागतो. कागदाला यातलं काही होत नाही. आणि चेहरा दाखवून विमानतळात आत सोडणारं डिजीयात्रा ॲप देशांतर्गत प्रवासासाठी आहे, परदेशच्या विमानाला त्याच्या भरवशावर जाऊ नका.

तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं, असं कसं?

दोन कंपन्यांचा आपसात करार असतो. तिकिटावर 'विमान अमुक कंपनी चालवते' अशी बारीक अक्षरांतली ओळ असते. ज्यांचं विमान त्यांच्याच काउंटरवर जायचं. ही ओळही लाल पेनाने अधोरेखित करा.

वाटेत विमान बदलायचंय. तिथला व्हिसा लागेल का?

दुबई, दोहा, अबू धाबी इथे विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायला आपल्याला व्हिसा लागत नाही. युरोप आणि लंडनमार्गे जाताना मात्र देशागणिक वेगळे नियम आहेत. तुमच्याकडे अमेरिकेचा किंवा कॅनडाचा व्हिसा आहे का, यावरही ते ठरतात आणि ते बदलत राहतात. तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. पैसे भरून झाल्यावर बघण्यात अर्थ नाही.

दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास स्वस्त पडतो, हे खरं. पण मग मधल्या ठिकाणी बॅगा घेऊन बाहेर यावं लागतं, पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजे त्या देशाचा व्हिसाही लागतो. सत्तरीच्या आई-वडिलांसाठी मुलांनी हे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास असेल तर पहिलं विमान उशिरा पोहोचल्यास पुढची सोय कंपनी बघते.

बॅगेवरचा टॅग शेवटच्या शहराचा आहे का, ते काउंटरवरच वाचा. अमेरिकेत पुढचं देशांतर्गत विमान असेल, तर सहसा पहिल्या शहरात बॅगा पट्ट्यावरून उचलून कस्टम्सनंतर पुन्हा द्याव्या लागतात. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं. ही सोय तिथे २०१४पासून आहे. त्यामुळे तिथे दोन विमानांमध्ये तीन-चार तासांचं अंतर ठेवा.

निघण्यापूर्वी ऑनलाइन काही भरायचं असतं का?

भारतातून निघताना आपल्याला काही भरायचं नसतं. पूर्वीचं ते छोटं प्रस्थान-कार्ड भारतीयांसाठी १ जुलै २०१७पासून बंद झालं. समोरच्या देशाचं मात्र असतं. सिंगापूरचं आगमन-कार्ड पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं. थायलंडने १ मे २०२५पासून डिजिटल कार्ड सुरू केलं, मलेशियाचंही आहे. ही सगळी सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहेत. पैसे मागणारी पानं शोधात वरती येतात, ती बंद करा.

केनिया, युगांडा, नायजेरिया अशा आफ्रिकी देशांत जायचं असेल तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि तो पिवळा दाखला जपून ठेवा. परत येताना भारतातही तो विचारतात. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरतात.

व्हीलचेअर मागायला संकोच वाटतो. मी चालू शकते.

मुंबईचं टर्मिनल २ भलं मोठं आहे. काउंटरपासून शेवटच्या गेटपर्यंत चालून गुडघे बोलायला लागतात. फ्रँकफर्ट, लंडनची तर गोष्टच वेगळी. गुडघेदुखी, दम लागणं, शस्त्रक्रिया झालेली असणं ही पुरेशी कारणं आहेत. निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा, तिकिटावर तशी नोंद झाली का बघा. आंतरराष्ट्रीय प्रवासात गरज असलेल्याला ही सेवा फुकट असते. विमान बदलताना कुठल्या गेटवर जायचं हे व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, हा त्याहून मोठा आधार.

ज्यांना इंग्रजी येत नाही, त्यांच्यासाठी मी एक कार्ड करून देते. त्यावर इंग्रजीत नाव, विमान क्रमांक, शेवटचं शहर, मुलाचा फोन आणि 'मला मराठी व हिंदी येते, कृपया मदत करा' इतकंच. ते गळ्यातल्या पाउचमध्ये असतं. विदर्भातल्या एका आजींनी ते कार्ड दाखवत तीन विमानतळ पार केले आणि परतल्यावर ते मला आठवणीने परत आणून दिलं.

बॅगेचं वजन किती चालतं?

तिकिटावर लिहिलेलं असतं तेवढंच. अमेरिकेला बहुधा प्रत्येकी २३ किलोचे दोन नग असतात. दोन्ही मिळून ४६ किलो असा हिशोब चालत नाही, एक २६ आणि दुसरी २० असेल तर काउंटरवर उघडून सामान हलवावं लागतं. आखातात आणि सिंगापूरला बऱ्याचदा एकूण वजनाचा हिशोब असतो. हातातली बॅग ७-८ किलो. घरी हुकाचा छोटा वजनकाटा घेऊन ठेवा आणि किलोभर कमीच भरा.

पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत. १०० वॅट-अवरपर्यंतची चालते; २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-अवर भरते.

लोणचं, फराळ, गोडा मसाला, खोबरं नेता येईल ना?

यावर मी तासभर बोलू शकते, कारण यात आईचा जीव अडकलेला असतो.

लोणचं, तूप, कोकम आगळ हे पदार्थ हातातल्या बॅगेत चालत नाहीत. द्रव किंवा पातळ काहीही १०० मिलिलिटरच्या वर नको. मोठ्या बॅगेत टाकताना बरणीचं तोंड सेलोटेपने बंद करून दोन पिशव्यांत बांधा. मेतकूट, भाजणी, चटण्या हेही मोठ्या बॅगेतच. अमेरिकेच्या विमानात हातातल्या सामानातली ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर वेगळी तपासतात आणि शंका आली तर काढून घेतात.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात मोडतं आणि स्कॅनरमध्ये दिसलं की बॅग उघडायला लावतात.

खसखस दुबईला आणि सिंगापूरला अजिबात नाही. तिथल्या कायद्याने ती अमली पदार्थांत मोडते. अनारशावरची खसखस, मसाल्यात भाजून घातलेली खसखस, सगळी त्यात आली. दुबईच्या लेकीसाठी अनारसे करायचे असतील तर ते तिच्याच घरी, खसखशीविना करा.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं, मांस नको. कढीपत्त्याची जुडीसुद्धा नको. बाकीचा फराळ फॉर्मवर किंवा तोंडी 'आणलाय' असं सांगून टाका. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात. लपवलेला सापडला तर दंड होतो.

औषधं किती आणि कशी न्यायची?

मूळ पाकिटात, पूर्ण प्रवासाला पुरतील इतकी हातातल्या बॅगेत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, टाइप केलेली, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह. आपल्या ब्रँडची नावं तिकडे कुणी ओळखत नाही. अमेरिकेत साधारण ९० दिवसांच्या औषधांपर्यंत अडचण येत नाही. इन्शुलिन हातातच ठेवा, मोठी बॅग जिथे जाते तिथे ते गोठू शकतं. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली दुखण्या-खोकल्याची औषधं दुबईला नेण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी लागते.

दागिने आणि पैसे?

मंगळसूत्र, दोन बांगड्या इतपत ठीक. जास्त सोनं नेणार असाल तर जाताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात-प्रमाणपत्र करून घ्या. परत येताना तेच सोनं बाहेरून आणलेलं नाही, हे त्यावरून सिद्ध होतं. पावत्या किंवा सोनाराचा मूल्यांकनाचा कागद लागेल. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला रोख परकीय चलन ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं, बाकीचं कार्डावर.

इमिग्रेशनचा साहेब काय विचारतो?

कुठे जाताय, कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. जे खरं आहे ते थोडक्यात सांगा. हिंदीत, मराठीत उत्तर दिलं तरी मुंबईत अडत नाही. समोरच्या देशातही हेच प्रश्न येतात. तिथे 'नातवंडाला सांभाळायच्या कामाला आलेय' अशा शब्दांत सांगू नका. तुमच्या मनात प्रेम असतं, ऐकणाऱ्याला नोकरी ऐकू येते आणि पाहुण्यांच्या व्हिसावर नोकरी चालत नाही. मुलीला भेटायला, तिच्याकडे राहायला आलोय, हेच खरं आहे आणि तेवढंच सांगावं.

वारंवार जा-ये करणाऱ्यांनी जलद इमिग्रेशनच्या सरकारी योजनेत नाव नोंदवावं. जानेवारी २०२५पासून ती मुंबईतही आहे. ऑनलाइन अर्ज करायचा, एकदा बोटांचे ठसे द्यायचे, मग स्वयंचलित फाटकातून जाता येतं.

बोर्डिंग पासवर एकच इंग्रजी अक्षर ओळीने चार वेळा, 'एसएसएसएस' असं छापलंय.

अमेरिकेच्या विमानात काही प्रवाशांची जादा तपासणी होते, त्याची ती खूण. चप्पल, बॅग, फोन पुन्हा बघतात. तुम्ही काही केलेलं नाही. गेटवर थोडं लवकर जा.

नातवंड आई-बाबांशिवाय, आमच्यासोबत भारतात येणार आहे.

दोन्ही पालकांच्या सह्यांचं, नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत हवी. मूल परदेशी नागरिक असेल तर त्याचा चालू पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) किंवा भारताचा व्हिसा. ओसीआय नसताना 'आमचंच तर मूल आहे' म्हणून भागत नाही.

परदेशात पासपोर्ट हरवला तर?

आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग जवळचा भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. नवा पासपोर्ट मिळेपर्यंत थांबता येत नसेल तर भारतात परतण्यापुरतं आणीबाणीचं प्रमाणपत्र देतात. झेरॉक्स इथे कामी येते.

विमानतळावर आत सोडायला येता येईल का?

नाही. सीआयएसएफचे जवान दारातच पासपोर्ट आणि तिकीट बघतात, निरोप तिथेच घ्यायचा. म्हणून काय हवं-नको ते गाडीतच बोलून घ्या. आत गेल्यावर काउंटर, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी आणि गेट असे चार थांबे. प्रत्येक थांबा ओलांडला की घरी एक फोन करा. बाहेर उभं राहिलेलं माणूस 'गेटवर बसले' हे ऐकल्याशिवाय गाडीत बसत नाही.

अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा आहे. म्हणजे किती राहता येईल?

दहा वर्षं हा व्हिसा वापरून दारापर्यंत जाण्याची मुदत. किती राहायचं ते अमेरिकेत उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून दिसते. पोहोचल्यावर जेट लॅग उतरला की मुलाला ती उघडायला लावा, छापून फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या आधीचं आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.